पेजमेकरच्या जुन्या फाइली आणि श्रीलिपी-आयएसएममधला मजकूर: पुढेही उघडेल असा कसा राखायचा?

अंक_जतन

नमस्कार. एका सार्वजनिक वाचनालयाच्या दिवाळी अंकांच्या आणि वार्षिक अहवालांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या फाइली राखायच्या आहेत. छापील अंक आहेत, पण तीन वर्षांची एकेकच प्रत उरली आहे.

अंकाची पानं पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामच्या ६.५ आणि ७ या आवृत्त्यांत लावलेली आहेत, सुमारे २१० फाइली, शेपूट काहींना पी६५ तर काहींना पीएमडी. २००३ पर्यंतचा मजकूर आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामच्या डीव्हीबी-टीटी फॉन्टांत, त्यानंतरचा श्रीलिपी या तशाच प्रोग्रामच्या फॉन्टांत, बाहेरून आलेल्या काही जाहिराती कृतिदेव फॉन्टमध्ये. मुखपृष्ठं कोरलड्रॉ ९ ते १२ ची. सभांची इतिवृत्तं वर्डच्या डॉक फाइलींत, निमंत्रणपत्रिका पब्लिशरमध्ये. हे सगळं नीट उघडणारा एकच संगणक चालू आहे: विंडोज एक्सपी, पेजमेकर ७, मागे प्रिंटरच्या समांतर पोर्टला डोंगल, म्हणजे प्रोग्रामच्या परवान्याची खूण असलेलं छोटं उपकरण.

नव्या लॅपटॉपवर लिबरऑफिसमध्ये पीएमडी फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. जुन्या संगणकातून फॉन्ट आणून टाकले तेव्हा बरंचसं वाचता आलं, तरी मधेमधे चौकोन राहिलेच.

प्रश्न तीन. राखायच्या प्रती कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात? नुसती पीडीएफ पुरेल का? आणि मजकूर शोधता येईल असा युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या क्रमांक-पद्धतीत) आणता येतो का, की छापखानेवाले म्हणतात तसं अंक स्कॅन करून मोकळं व्हावं?

जुळारी

कामाचा क्रम चुकला तर नुकसान होईल, म्हणून आधी क्रम. पहिलं, तो एक्सपी संगणक आहे तसा राखा. दुसरं, प्रत्येक फाइलची जशी छापली तशी दिसणारी पीडीएफ काढा. तिसरं, मजकूर वेगळा काढून युनिकोडमध्ये आणा. बरेच जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि रूपांतर तपासायला मूळ पान दिसणारी जागाच उरत नाही.

त्या संगणकात आता काही नवं बसवू नका, काही काढू नका, त्याला इंटरनेट जोडू नका. हार्ड डिस्क बाहेर काढून तिची अख्खी प्रतिमा घ्या, म्हणजे तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं एका फाइलीत. त्या काळची डिस्क बहुधा आयडीई असते, तिला यूएसबीला जोडणारा ॲडॉप्टर लागतो. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही, बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलाच ॲडॉप्टर घ्या. लिनक्सवर डीडीरेस्क्यूने प्रतिमा घ्यावी, कारण खराब सेक्टर आला की ते अडकून न बसता पुढे जातं आणि राहिलेला भाग शेवटी पुन्हा वाचून पाहतं. साधी कॉपी-पेस्ट अशा डिस्कवर पहिल्या खराब जागी थांबते, आणि डिस्क तेवढ्यात आणखी थकते.

ही प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी संगणकात चालवता येते. सुरू होताना निळा पडदा आणि शेवटी ७बी अशी चूक आली तर घाबरू नका. एक्सपीकडे साटा कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो. सेटिंगमध्ये डिस्क साटावरून काढून आयडीई कंट्रोलरला लावा, प्रकार पीआयआयएक्स४ निवडा. हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपी पुन्हा सक्रिय करायला सांगू शकतो, तेव्हा परवान्याचा कागद हाताशी ठेवा.

डोंगलबद्दल. समांतर पोर्टचं डोंगल आभासी संगणकात न्यायचं म्हणजे डोकेदुखी आहे. पण तुम्हाला नवीन टंकलेखन करायचंच नाही. डोंगल साधारणपणे कळफलक चालवणाऱ्या प्रोग्रामला लागतं. मजकूर दिसायला आणि छापायला फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असले की काम भागतं. खात्री करून घ्या: संगणक बंद करा, डोंगल काढा, पुन्हा सुरू करून एक फाइल उघडा. मजकूर जसाच्या तसा दिसला तर डोंगल हा तुमच्या वाटेतला अडथळा नाही.

फाइली बाहेर नेताना पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एनटीएफएस असू द्या. नवे मोठे ड्राइव्ह एक्सफॅट असतात, आणि त्यासाठीचा वेगळा अपडेट नसेल तर एक्सपी ते वाचत नाही, उलट फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. तिथे चुकून हो म्हणू नका.

आता पेजमेकर. पीएमडी फाइल म्हणजे अख्खा अंक नव्हे. चित्र आणताना ते २५६ केबीपेक्षा मोठं असलं की पेजमेकर विचारतो, फाइलमध्ये घेऊ की बाहेरच ठेवू. पानं लावणारे बहुतेक जण बाहेर ठेवत. फाइलमध्ये मग चित्राची फक्त हलक्या दर्जाची झलक आणि मूळ चित्राचा पत्ता एवढंच राहतं. फाइल उघडून कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा, लिंक्सची यादी येईल. ज्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे ती चित्रं सापडत नाहीत. जुन्या सीड्या, दुसरं पार्टिशन, सगळीकडे शोधा आणि जागेवर जोडा. मग सेव्ह ॲज करताना खाली कॉपी या गटात 'ऑल लिंक्ड फाइल्स' निवडून नव्या फोल्डरमध्ये साठवा. पानं आणि चित्रं एकत्र येतात. फॉन्ट मात्र त्यात येत नाहीत, ते वेगळे उचलावे लागतात.

फाइल उघडताना फॉन्ट सापडला नाही तर पॅनोज या नावाची खिडकी येते आणि दुसराच फॉन्ट सुचवते. तिथे 'पर्मनंट' कधीही निवडू नका. त्याने फाइलमधलं मूळ फॉन्टचं नाव पुसलं जातं, आणि ते नाव गेलं की हा मजकूर कोणत्या कोष्टकाने (कोणता क्रमांक म्हणजे कोणतं अक्षर या यादीने) वाचायचा याचा एकमेव पुरावा जातो. खिडकी रद्द करा, फॉन्टचं नाव लिहून घ्या, फॉन्ट शोधून बसवा, मग उघडा.

पीडीएफसाठी फाइल > प्रिंट, प्रिंटर पोस्टस्क्रिप्टचा निवडा (प्रत्यक्षात जोडलेला नसला तरी चालतो), पीपीडी (प्रिंटरचं वर्णन असलेली फाइल) ॲक्रोबॅट डिस्टिलरचा. ऑप्शन्समध्ये 'राइट पोस्टस्क्रिप्ट टू फाइल'वर खूण करा आणि 'डाउनलोड फॉन्ट्स'मध्ये पोस्टस्क्रिप्ट व ट्रूटाइप दोन्ही निवडा. पीएस फाइल तयार होईल. ती नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्टमधून किंवा डिस्टिलरमधून पीडीएफ करा. मग पीडीएफ उघडून फाइल > प्रॉपर्टीज > फॉन्ट्स पाहा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असलंच पाहिजे. एका जरी फॉन्टपुढे ते नसेल तर ती पीडीएफ तुमच्या संगणकावर सुंदर दिसेल आणि दुसऱ्याकडे निव्वळ कचरा. काही फॉन्टांत बनवणाऱ्यानेच 'एम्बेड करू नये' असा बिट लावलेला असतो आणि डिस्टिलर तो पाळतो. अशा वेळी ते पान ६०० डीपीआयचं चित्र करून पीडीएफमध्ये ठेवणं हाच सरळ मार्ग.

कुठल्या छापखान्यात इनडिझाइन सीएस६ चालू अवस्थेत असेल तर तेवढ्यात आणखी एक काम उरका. इनडिझाइन पेजमेकर ६.० ते ७.० च्या फाइली उघडतं, पण सीएस६ पर्यंतच. २०१३ च्या सीसीपासून ती सोय काढली. सीएस६ मध्ये उघडून आयडीएमएल म्हणून साठवलं तर आत साध्या एक्सएमएलच्या फाइली असतात, त्या उद्या दुसऱ्या प्रोग्रामनेही वाचता येतील. पेजमेकर ५ ची फाइल निघाली तर ती आधी तुमच्या ७ मध्ये उघडून साठवा.

रफार

जुळारींनी पानाचं सांगितलं, मी अक्षरांचं सांगतो. मराठीत फाइलचं कुलूप दुहेरी आहे. पीएमडी हे एक कुलूप, आणि आतला फॉन्ट हे दुसरं. पीएमडीचं कुलूप उघडलं तरी आत मराठी नसतेच. तिथे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो.

कृतिदेवचं उदाहरण घ्या, कारण ते डोळ्यांनी पडताळता येतं. 'दिवाळी' हा शब्द फाइलमध्ये एफ, एन, ओ, के, मोठा जी, एच असा आहे. एफ म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती 'द'च्या आधी येते, कारण फॉन्टला फक्त डावीकडून उजवीकडे आकार मांडायचे असतात. युनिकोडमध्ये वेलांटी 'द'च्या नंतर साठवली जाते. 'वर्ष' म्हणजे ओ, दुहेरी अवतरणचिन्ह, के, मोठा झेड. दुहेरी अवतरण हा अर्धा ष, के हा काना, आणि झेड हा रफार, जो सगळ्यात शेवटी येतो. युनिकोडमध्ये तोच रफार 'ष'च्या आधी पाहिजे. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, वेलांटी पुढे न्यावी लागते, रफार मागे आणावा लागतो, आणि मधे जोडाक्षर असेल तर ते पूर्ण ओलांडून. 'शास्त्रार्थ', 'मूर्तिकार', 'व्यक्तिनिष्ठ' असे शब्द यात हमखास पडतात.

याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे. अर्धा ष म्हणजे अवतरणचिन्ह. वर्डमध्ये हा मजकूर चिकटवला आणि सरळ अवतरणं आपोआप वळणदार करण्याची सोय चालू असेल, तर 'वर्ष'मधला ष मोडतो. अर्धा श तर एकेरी अवतरणावर आहे, तोही जातो. पेजमेकरमध्ये मजकूर आणतानाच्या खिडकीतही 'कन्व्हर्ट कोट्स' आहे. दोन्हीकडे ते बंद करा. ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणारं तर नक्कीच, कारण इथे लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं.

मजकूर काढताना 'टेक्स्ट ओन्ली' निवडू नका. टेक्स्ट टूलने लेखात कर्सर ठेवा, कंट्रोल-ए, फाइल > एक्स्पोर्ट, आणि प्रकार आरटीएफ. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याचं फॉन्टचं नाव टिकतं. साध्या टेक्स्टमध्ये ते जातं, मग परिच्छेदात मधेच टाइम्समध्ये लिहिलेला इंग्रजी शब्द किंवा वेबसाइटचा पत्ताही मराठी समजून बदलला जातो. श्रीलिपीचं एक कोष्टक, डीव्हीबी-टीटीचं दुसरं, कृतिदेवचं तिसरं. एका लेखात तिन्ही असतील तर फॉन्टच्या नावावरूनच वेगळे करता येतात. पेजमेकरमध्ये प्रत्येक लेख ही वेगळी 'स्टोरी' असते, आणि चौकटी, मथळे, चित्रांखालच्या ओळी याही वेगळ्या स्टोऱ्या असतात. मोजून काढा, चौकटी सर्रास सुटतात.

डीव्हीबी-टीटीतला बी म्हणजे द्विभाषी. इंग्रजी आपल्या नेहमीच्या जागी असते आणि देवनागरी वरच्या १२८ जागांत दाटीवाटीने बसवलेली. म्हणून फाइल उघडताना विंडोज-१२५२ हेच एन्कोडिंग सांगावं लागतं. यूटीएफ-८ म्हणून उघडली तर वरच्या सगळ्या जागा प्रश्नचिन्हं होतात, आणि त्यातच साठवलं तर मूळ कायमचं गेलं. १२५२ मध्येही षोडशमान ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, काही प्रोग्राम त्या गुपचूप गाळतात. १६० ही न तुटणारी मोकळी जागा आणि १७३ हा अदृश्य हायफन. त्या क्रमांकांवर फॉन्टने अक्षर बसवलेलं असेल तर वर्ड प्रोसेसर ते अक्षर दाखवतच नाही. तुम्हाला फॉन्ट असूनही चौकोन आणि मोकळ्या जागा दिसतात त्याचं कारण बहुधा याच पट्ट्यात सापडेल.

वर्डच्या डॉक फाइलींत आणखी एक प्रकार. काही फॉन्ट स्वतःला 'सिम्बॉल' म्हणवतात. वर्ड त्यांची अक्षरं एफ००० पासूनच्या खासगी पट्ट्यात ढकलून ठेवतं. नोटपॅडमध्ये चिकटवलं की सगळेच चौकोन. मजकूर गेलेला नसतो, रूपांतर करण्याआधी प्रत्येक क्रमांकातून एफ००० वजा करावे लागतात, एवढंच.

रूपांतरासाठी आयएसएम आणि श्रीलिपी यांच्या पुढच्या आवृत्त्यांत स्वतःची साधनं आहेत. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडियाचं टीबीआयएल कन्व्हर्टरही बरेच जुने फॉन्ट ओळखतं. कुठलंही वापरा, पण अख्ख्या संग्रहावर चालवण्याआधी एक चाचणीपान करा. त्यात हे शब्द असू द्यात: कर्तृत्व, ज्ञानेश्वरी, श्रृंगार आणि शृंगार, तऱ्हा, कुऱ्हाड, दुसऱ्या, ॲड, ऑफिस, हृदय, लक्ष्मी, ट्रॅक्टर, ऱ्हास, वाङ्मय, ब्राह्मण, चिन्ह, रूप, रुपया आणि मराठी आकडे. एवढं नीट आलं तर उरलेलं साधारण नीट येतं.

पानवाला

छापखानेवाल्यांच्या स्कॅनच्या सल्ल्याबद्दल. मला तो सल्ला गरजेचा वाटतो, पण मोकळं होण्यासाठी नाही.

त्या काळी छोट्या ऑफसेट छापखान्यांत पानं लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग किंवा बटर पेपरवर काढून त्यावरून प्लेट करत. शेवटच्या प्रुफात सापडलेली चूक बऱ्याचदा संगणकावर दुरुस्त न करता ट्रेसिंगवरच ओळ कापून, नवी ओळ चिकटवून दुरुस्त होई. पानांचे आकडे, उशिरा आलेली जाहिरात, श्रद्धांजलीची चौकट, हेही हातानेच. त्यामुळे पेजमेकर फाइल आणि छापील अंक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छापून वाचकांच्या हाती गेलं ते अंकातच आहे. एकेकच प्रत उरलेल्या तीन वर्षांचं स्कॅनिंग आधी करा: ४०० डीपीआय, रंगीत किंवा करड्या छटेत, टिफ. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं तर शाई फिकी असलेल्या जागी मात्रा आणि अनुस्वार उडतात. बांधणी घट्ट असेल तर अंक सपाट दाबू नका, वरून कॅमेऱ्याने पान टिपा.

टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या) प्रोग्रामला मराठीचं प्रशिक्षण आहे, मोफत आहे, स्वच्छ ३०० डीपीआय पानावर कामचलाऊ वाचतो. तरी फाइलमधला मजकूर हाती असताना ओसीआर हा पहिला मार्ग नको. ओसीआर ध आणि घ, भ आणि म, अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत चुकतो, आणि चुका पानागणिक वेगळ्या असतात. रूपांतराच्या चुका मात्र एकसारख्या असतात: एकदा सापडली की सगळीकडे एकदम बदलता येते. रूपांतर आणि ओसीआर दोन्ही काढा आणि एकमेकांशी ताडून पाहा. जिथे फरक, तिथेच माणसाने छापील पान उघडायचं. मुद्रितशोधनाचे तास पुष्कळ वाचतात.

अंक_जतन

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगल काढून पाहिलं, मजकूर नीट दिसतो आहे. २००४ च्या अंकाचे सहा लेख आरटीएफमधून युनिकोडमध्ये आणले. दोन अडचणी. एक, 'दुसऱ्या' हा शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो, पण शोध घेतला की सापडत नाही. 'ॲड.'चंही तसंच. दोन, पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला तर काहीच मिळत नाही, मग पीडीएफ/ए करून तरी मिळेल का? शिवाय वर्ड, पब्लिशर आणि कोरलच्या फाइलींचं काय करावं?

जुळारी

पीडीएफ/ए आधी. ते दीर्घकाळ जतन करायच्या पीडीएफसाठीचं आयएसओ १९००५ हे मानक आहे, पहिला भाग २००५ चा. त्यात फॉन्ट आत असलाच पाहिजे आणि बाहेरच्या कशावर अवलंबून राहायचं नाही, असा दंडक आहे. १बी ही पातळी फक्त दिसणं राखायची हमी देते. तुमच्या जुन्या फॉन्टांच्या पीडीएफमध्ये 'दि' दिसते तिथे आत एफ आणि एन आहेत, म्हणून शोध लागत नाही, आणि पीडीएफ/ए केल्याने तो लागणार नाही. उलट तपासणी करणारं व्हेरापीडीएफ अशा फाइलीला बिनचूक म्हणून पास करेल, कारण मानकाच्या दृष्टीने ती इंग्रजी मजकुराची उत्तम फाइल आहे. म्हणून दोन वेगळ्या वस्तू ठेवा: दिसण्यासाठी पीडीएफ/ए, शोधण्यासाठी युनिकोडमधला मजकूर. दोन्हींचं नाव एकच, शेपूट वेगळं.

पब्लिशरच्या फाइली सगळ्यात आधी हातात घ्या. ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशरला आधार नाही, आणि वर्गणीच्या ऑफिसमधून त्या फाइली उघडताही येणार नाहीत, असं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं आहे. प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करा. लिबरऑफिस ड्रॉ पब फाइली उघडतं, चौकटी थोड्या सरकतात, पण मजकूर हाती लागतो.

वर्डच्या डॉकची काळजी कमी. त्या स्वरूपाची कागदपत्रं मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये खुली केली, लिबरऑफिस ते बऱ्यापैकी वाचतं. वर्ड ९५ किंवा त्याआधीची फाइल नवं वर्ड उघडायला नकार देऊ शकतं. ते फाइल खराब असल्याचं लक्षण नाही, ट्रस्ट सेंटरमधल्या 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज'मध्ये जुन्या आवृत्त्या अडवलेल्या असतात. एका फाइलीपुरती खूण काढा, ओडीटी किंवा डॉक्स म्हणून साठवा, खूण परत लावा. ओडीएफ २००६ पासून आयएसओ मानक आहे, ऑफिसचं ओपन एक्सएमएल २००८ पासून. इतिवृत्तांसारख्या साध्या मजकुराला मी ओडीटी निवडेन, शेजारी पीडीएफ/ए.

कोरलच्या फाइली लिबरऑफिस ड्रॉ आणि इंकस्केप दोन्ही उघडतात, पण छटा, सावल्या आणि पारदर्शकता बिघडतात. तुमच्या एक्सपीवर कोरल १२ असेल तर तिथूनच पीडीएफ काढा. मग फाइलची प्रत करून त्या प्रतीत सगळा मजकूर निवडा, कंट्रोल-क्यू करून त्याचे वक्र बनवा आणि तिचीही एक पीडीएफ घ्या. वक्र केल्यावर मजकूर संपादित करता येत नाही, म्हणून हे प्रतीतच करायचं, मूळ सीडीआरला हात लावायचा नाही.

फॉन्टांच्या फोल्डरमध्ये पीएफबी आणि पीएफएम शेपटाच्या फाइली असतील तर ते टाइप-१ फॉन्ट. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्रामांत त्यांचा वापर बंद केला, लिबरऑफिसने त्याआधीच केला. पीडीएफच्या आत बसलेले टाइप-१ फॉन्ट अजून दिसतात. म्हणजे जुन्या पानांची पीडीएफ जुन्याच संगणकावरून काढायला हे आणखी एक कारण.

सगळं ठेवताना प्रत्येक अंकाचा एक फोल्डर, नाव इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकड्यांत, वर्ष आधी. आत मूळ फाइली, चित्रं, फॉन्ट, पीडीएफ/ए, युनिकोड मजकूर, स्कॅन, आणि एक साधी टेक्स्ट फाइल: कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, फॉन्टांची नेमकी नावं, कोणत्या कोष्टकाने रूपांतर केलं. फॉन्टच्या परवान्याचं बिलही स्कॅन करून आत टाका. फोल्डर पूर्ण झाला की सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ आकडे (फाइलीत जराही बदल झाला की बदलणारे ठसे) काढून ठेवा, विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयूटिल आधीपासून असतं. वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर. नुसत्या सीडीवर भरवसा नको.

रफार

'दुसऱ्या'चं उत्तर. या चंद्रकोरीसारख्या र ला युनिकोडमध्ये लिहायच्या दोन रीती मान्य आहेत. एक, ०९३१ वरचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह, क्रमांक २००डी. दिसायला दोन्ही सारख्याच. तुमच्या रूपांतराने दुसरी रीत वापरली आणि तुमचा कळफलक पहिली टाइप करतो, म्हणून शोध लागत नाही. सगळ्या मजकुरात 'र, हलन्त, २००डी' या त्रयीच्या जागी 'ऱ, हलन्त' एकदम बदला.

बदलताना शोधात २००डी हवाच. तो गाळून नुसता 'र, हलन्त, य' बदललात तर 'कार्य', 'सूर्य', 'आचार्य' सगळे मोडतील. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, हे शब्द बदल झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. काही रूपांतरांत मुळातच २००डी गळलेला असतो आणि सगळं 'दुसर्या' असं रफाराने येतं. तिथे आपोआप बदल करता येत नाही, शब्दांची यादी काढून 'सर्या', 'णार्या', 'तर्हे' असे शेवट हाताने पाहावे लागतात.

'ॲड.'मध्ये जुन्या रूपांतराने अ वर वेगळा चंद्र ठेवला आहे, ०९०५ आणि ०९४५. एकसंध ॲ हे ०९७२, युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी बनलेल्या साधनांना ते माहीतच नाही. जोडी शोधून एकसंध करा. आणि हा बदल केल्यावर लगेच एसएचए-२५६ नव्याने काढा, नाहीतर पुढच्या तपासणीत नीट केलेल्या फाइली बिघडलेल्या दिसतील.